चिंच-मिठाने घासलेले सूर्य-चंद्र

मंडळी, कामाच्या दिवशी, हर्नडनच्या या ट्रॅफिकमधून तुम्ही आलात. मागे उभे आहेत त्यांनीही पुढे येऊन बसा. शोकसभेतसुद्धा पहिल्या रांगेत बसायला आपली माणसं घाबरतात.

मी बोलणार नव्हते. आठवडाभर फोनवर 'हो, शेवटी फार त्रास झाला नाही' हे एकच वाक्य इतक्या वेळा म्हटलंय की माझा आवाज आता मलाच ऐकवत नाही. थकले आहे मी. नमस्कार करून खाली बसायचं, एवढंच ठरवलं होतं.

पण आत्ता प्रसाद बोलला. प्रसाद, तू मनापासून बोललास. अमेरिकेतल्या तुझ्या पहिल्या हिवाळ्यात श्रीधरकाकांनी अंगावरचा कोट काढून तुला दिला, हे खरं आहे. मग तू तो किस्सा सांगितलास. काकांनी रोमन नाणी चिंचेनं घासली! आणि तुम्ही सगळे हसलात. प्रेमानं हसलात, कळतं मला. सहा वर्षं ऐकतेय मी हा किस्सा. गणपतीला ऐकला, हळदीकुंकवाला ऐकला, बारशाला ऐकला. हसत ऐकला, पोह्यांच्या बश्या पुढे करत ऐकला.

किस्सा खोटा आहे.

समोर माझ्या नवऱ्याचा फोटो आहे, फोटोला हार आहे, आणि त्या हारासमोर पुन्हा तोच किस्सा. आता मात्र मला बसवेना.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. निवृत्त झाल्यावर बाकीचे पुरुष बायकोच्या फोडणीत नाक खुपसतात. श्रीधरनं जुनी रोमन नाणी जमवली. तीही सगळी नाहीत. ज्यांच्यावर सूर्यदेव किंवा चंद्रदेवता आहे तेवढीच. पुढच्या बाजूला सम्राट असतोच, पण श्रीधर नाणं उलटं करून ठेवायचा. सम्राटाशी त्याला कर्तव्य नव्हतं.

"सुमती, हा बघ सूर्य. डोक्याभोवती किरणं, हात वर केलाय."

"बस थांबवतोय का?"

"आणि ही चंद्र."

"ही?"

"तिकडे चंद्र बाई आहे. लूना. दोन घोड्यांचा रथ स्वतः हाकते."

"मग नवरा शेजारी बसून रस्ता चुकवत असेल."

लांबचं दिसेना म्हणून त्याचं गाडी चालवणं तेव्हा बंद झालं होतं, सगळीकडे मीच न्यायची. जवळचं मात्र त्याला भिंगातून असं दिसायचं की विचारू नका. दर महिन्याला लायब्ररीत त्यांचा नाण्यांचा क्लब भरायचा. अमेरिकन माणसं आपापली नाणी घेऊन त्याच्या टेबलाशी रांग लावायची. "श्री, हे खरं आहे का बघ." आयुष्यभर ऑफिसात कुणी त्याला काही विचारलं नव्हतं. इथे विचारत होते. त्या टेबलाशी बसलेला श्रीधर मला आवडायचा. त्याला कधी सांगितलं नाही, पण आवडायचा.

सहा वर्षांपूर्वी, दिवाळीच्या आधी, तो जर्सी सिटीला मुलीकडे गेला होता. मी अ‍ॅशबर्नच्या घरी एकटी. देवघर साफ करायला काढलं. समई, तांब्या, पळी, सगळं चिंच-मीठ लावून घासलं. आणि बाजूच्या कपाटात तो त्याचा ट्रे. अकरा नाणी, काळपट, हिरवी. मी कॉन्व्हेंटची मुलगी. दर शुक्रवारी सिस्टर आमच्याकडून चॅपलमधल्या पितळी मेणबत्तीदाण्या घासून घ्यायच्या, आणि बोटानं तपासायच्या. हिरवट डाग दिसला की पुन्हा. आळशी हात, म्हणायच्या. मी म्हटलं, हा माणूस देवांना असा ठेवतो? सूर्य आहे तो! चिंच हाताशीच होती.

अकराच्या अकरा लखलखीत केली. लाल कापडावर मांडली. मनात म्हटलं, आता म्हणू दे त्याला की तू माझ्या छंदाकडे बघत नाहीस.

तो आला. बूट काढायच्या आधी त्याला कपाटापाशी नेलं. त्यानं एक उचललं. उजेडात धरलं. खाली ठेवलं. दुसरं उचललं.

"छान चकाकतायत," म्हणाला.

एवढंच. मग म्हणाला, "चहा टाकतेस?"

मी चहा टाकला. मला काय कळणार? तो हिरवा थर सतराशे वर्षं जमिनीत राहून चढलेला असतो. तोच नाण्याची कातडी असतो. जाणकार त्याला बोटही लावत नाहीत. मी ती सोलली, मंडळी. अकरा जणांची.

कळलं ते पुढच्या महिन्यात, क्लबमध्ये. त्यांचं छोटं प्रदर्शन होतं, श्रीधरनं ट्रे न्यायचं आधीच कबूल केलेलं. मी कॉफी घेऊन बाजूला उभी. एका गृहस्थानं ट्रे बघितला आणि त्याचा चेहराच उतरला. कुणी केलं हे, असं त्यानं विचारलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात श्रीधर म्हणाला, "मीच. हातांना राहवलं नाही."

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "खोटं का बोललास?"

"तुला मूर्ख म्हणाले असते."

"म्हणू देत. मला पुरतं उत्तर देता येतं."

"म्हणून तर," म्हणाला. "लायब्ररी आहे ती, सुमती. तिथे भांडण नको. पुढचं वळण डावीकडे."

वळण उजवीकडे होतं.

तिथून गोष्ट आपल्या मंडळींपर्यंत आली आणि तुम्हाला किस्सा मिळाला. त्याचं काय गेलं, ते सांगते. त्याच्या टेबलाशी रांग लागेनाशी झाली. कुणी वाईट बोललं नाही. ही माणसं वाईट बोलत नाहीत. फक्त नाणं हातात देईनात. लांबूनच दाखवायचे, हसून. "श्री, फक्त बघ हं." चार महिने तो तसाच जाऊन बसला, मग जायचा थांबला. "बरं झालं," म्हणाला, "चष्मा पुसायचे कष्ट वाचले."

मी गप्प राहिले. मी! जिच्या जिभेला तुम्ही सगळे घाबरता. वेटरला, डॉक्टरला, इन्शुरन्सवाल्याला सोडत नाही ती मी. शाळेत ख्रिश्चन मुली शनिवारी कन्फेशनला रांगेत उभ्या राहायच्या, आणि मी हसायची त्यांना. चुकायचं आणि जाळीआडच्या पाद्र्याच्या कानात कुजबुजायचं, केवढं सोपं, म्हणायची. सोपं नसतं. हॉस्पिटलमध्ये रोज ठरवायची, आज श्रीधरला सांगू की मी सगळ्यांना खरं सांगणार आहे. तो डोळे मिटून पडलेला असायचा. मी म्हणायची, दमलाय, उद्या सांगू. दमलेली मीही होते. पण ते कारण नव्हतं. मला लाज वाटत होती, बस.

तर आता सांगते, माइकवर, जाळी-बिळी काही नको. ती नाणी मी घासली. श्रीधरनं आयुष्यात एकही नाणं खराब केलं नाही. प्रसाद, किस्सा सांगायचा थांबवू नकोस. माझ्या नावानं सांग. चिंच कुणाची, मीठ कुणाचं, सगळं नीट सांग.

शेवटच्या रांगेत, दाराजवळ, त्याच्या क्लबमधले दोघे बसले आहेत. टाय लावून आलेत बिचारे. तासभर मराठी ऐकतायत, एक अक्षर कळलेलं नाही. त्यातले एक तेच गृहस्थ आहेत, ज्यांनी ट्रे बघून विचारलं होतं.

मी आता त्यांच्यापाशी जाणार आहे आणि हेच सगळं त्यांना इंग्रजीत सांगणार आहे. मला चालायला जरा वेळ लागतो. माझं त्यांच्याशी बोलून होईपर्यंत तुम्ही श्रीधरसाठी उभे राहा. आणि कृपा करून गप्प राहा.