पाच मिनिटं सोडलेला नळ

ताई : आधी ती बाटली त्याच्या तोंडातून काढ.

धाकटी : अगं, आत कशी आलीस? दार उघडंच होतं वाटतं. आणि पायात काय घातलंयस? एक चप्पल तुझी, एक भाऊजींची! बघ रे ढब्बू, तुझी मावशी कशी आलीय ते.

ताई : काढ म्हणते ना!

धाकटी : ओरडू नकोस, दचकला तो. थोडंच राहिलंय, संपवू दे. आधीच खात नाही धड. आठ महिन्यांचा झाला तरी मेलं वजन हलत नाही.

ताई : दे इकडे. दे!

धाकटी : ताई! सगळं दूध सिंकमध्ये ओतलंस? वेड लागलंय का तुला? रडतोय तो!

ताई : रडू दे. हे दूध कुठल्या पाण्यात कालवलंस?

धाकटी : नळाच्या. दुसरं कुठलं?

ताई : किती वाजता भरलंस?

धाकटी : नेहमीसारखं, उठल्या उठल्या. साडेपाचला हा भोंगा वाजवतो, मग मी पातेलं नळाखाली धरते. का? झालंय काय? पांढरीफटक पडलीयस.

ताई : मागच्या आठवड्यात तुझ्याकडून एक बाटली पाणी नेलं होतं ना?

धाकटी : हो, तुमच्या पाणी तपासायच्या लॅबचं मशीन दुरुस्त होऊन आलंय म्हणून. कुठलंही साधं पाणी चालेल म्हणालीस. तेही मी सकाळीच भरून ठेवलं होतं. मग?

ताई : त्यात शिसं निघालं.

धाकटी : शिसं म्हणजे?

ताई : धातू. पाइपातून पाण्यात उतरतो. दहापर्यंत चालवून घेतात. तुझ्या बाटलीत एक्याऐंशी आलं.

धाकटी : मशीन बिघडलेलंच असेल. दुरुस्त करून आणलेल्या वस्तूचा काय भरवसा?

ताई : मलाही तसंच वाटलं. तीनदा लावलं. एक्याऐंशी, ऐंशी, एक्याऐंशी.

धाकटी : पण तूच तर म्हणायचीस, आपल्या पाण्यासारखं पाणी नाही! मी बाहेरून पाण्याचे डबे आणणार होते तर केवढी हसली होतीस मला. दर महिन्याला तपासता ना तुम्ही? अकरा वर्षं तेच तर करतेयस!

ताई : तपासतो. पण कसं, ते ऐक. नळाची जाळी काढायची. स्पिरिटचा बोळा पेटवून नळाचं तोंड भाजायचं, म्हणजे नळावरचे जंतू बाटलीत येत नाहीत. मग पाच मिनिटं नळ पूर्ण सोडायचा. आणि मग बाटली भरायची. जंतूंसाठी ते बरोबरच आहे गं. पण त्याच बाटलीतून आम्ही धातूही बघतो. रात्रभर पाइपात मुरलेलं पाणी त्या पाच मिनिटांत मोरीत गेलेलं असतं. आमच्या बाटलीत येतं ते रस्त्याखालचं ताजं पाणी. अकरा वर्षं मी चांगलं पाणीच तपासत बसले.

धाकटी : आणि ते मुरलेलं…

ताई : ते तू साडेपाचला भरतेस.

धाकटी : थांब, थांब. मी तसंच नाही देत त्याला. उकळते. तूच सांगितलं होतंस, लहान बाळ आहे, उकळल्याशिवाय देऊ नकोस. मी तर वीस मिनिटं उकळते, पार अर्धं होईपर्यंत. मग काय राहणार त्यात? ताई?

ताई : अर्धं होईपर्यंत?

धाकटी : हो. गेलं असेल ना ते उकळून? बोल ना गं!

ताई : पाण्याची वाफ होते. शिशाची होत नाही. ते खालीच राहतं.

धाकटी : म्हणजे पाणी अर्धं, आणि ते सगळंच्या सगळं?

ताई : हो.

धाकटी : अगं आई गं. चार महिने! माझं दूध आटल्यापासून चार महिने मी त्याला हे आटवून आटवून पाजतेय! दिवसाला सहा बाटल्या!

ताई : आधी खाली बस. त्याला माझ्याकडे दे.

धाकटी : हात लावू नकोस त्याला! काय होतं त्यानं? खरं सांग.

ताई : भूक मंदावते. पोट साफ होत नाही. आणि… डोक्याच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. होतोच असं नाही. रक्त तपासल्याशिवाय काही कळत नाही. नऊला दवाखाना उघडतो, मी नंबर लावून ठेवलाय.

धाकटी : नंबर कधी लावलास? आत्ता तर कुठे पावणेआठ होतायत.

ताई : काल.

धाकटी : काल तुला ठाऊक होतं?

ताई : संध्याकाळी पाचला आकडा आला. साहेबांना दाखवला. ते म्हणाले, घरून भरून आणलेली बाटली आपण धरत नाही, सोमवारी रीतसर नमुना घेऊ, तोवर कुठे बोलायचं नाही. उगाच लोक घाबरतील. मी घरी गेले. मला वाटलं, चुकत असेन. रात्रभर डोळ्याला डोळा नाही, आणि तरी फोन उचलला नाही. भ्यायले गं मी.

धाकटी : काल रात्री दोन बाटल्या प्यायला तो. आणि ही तिसरी.

ताई : माहितीये मला.

प्लंबर : आहे का कुणी घरात? प्लंबर आलाय. मॅडमनी फोन केला होता. अरे बापरे, बाळराजे फारच तापलेत की!

ताई : या. मीटरपासून आत येणारा पाइप बघा. कट्ट्याखाली आहे.

प्लंबर : मावतो का बघतो. वय वाढतं तसं पोटही वाढतं, बरं का. हां, टॉर्च धरा. नळ चकाचक, फरशी नवी, आणि आत हा पणजोबांच्या वेळचा! थांबा, किल्लीनं ओरखडा मारतो. बघा. चांदीसारखा चमकला. लोखंड एवढं मऊ नसतं. हे शिसंच.

धाकटी : तुम्ही काढा तो. आत्ताच्या आत्ता काढा.

प्लंबर : काढतो, बाई. पण फोडाफोड करावी लागेल, दोन दिवस जातील. आणि तुमचा एकटीचा काढून काय होणार? ही आख्खी गल्ली अशीच आहे. मागची पण. मीटर बदलले तेव्हा मीच होतो ना.

ताई : तुम्ही पाहिलं होतं? मग कळवलं का नाही कुणाला?

प्लंबर : मॅडम, फॉर्मवर मीटरच्या नंबराला रकाना होता. पाइपला रकाना नव्हता. आम्हाला वाटलं, पाणी तपासणारे तुम्ही आहात, तुम्हाला ठाऊकच असणार.

ताई : मागच्या गल्लीत कुठवर?

प्लंबर : पार कोपऱ्यापर्यंत. पाळणाघर आहे ना, तिथवर. का हो? मॅडम? अहो, टॉर्च इकडे धरा!

धाकटी : ताई, काय झालं?

ताई : पाळणाघराचा दाखला मी दिलाय. मागच्याच महिन्यात. मी बोळा पेटवला तर मुलं टाळ्या वाजवत होती. पाच मिनिटं नळ सोडला आणि बाटली भरली. पिण्यास योग्य. दारावर लावलाय त्यांनी.

धाकटी : फोन कर.

ताई : नोकरी जाईल माझी. साहेबांनी स्पष्ट सांगितलंय…

धाकटी : जाऊ दे गेली तर! काल तू मला फोन केला नाहीस. मी ते आयुष्यात विसरेन असं वाटत नाही. तिथल्या आयांचं तसं करू नकोस. मी लावते नंबर, तू बोल. घे.

ताई : हॅलो. पाणीपुरवठ्याच्या लॅबमधून बोलतेय. तुमच्या दारावर पाण्याचा दाखला आहे ना, तो काढा. हो, सही माझीच. तो चुकीचा आहे. नळाचं पाणी मुलांना देऊ नका. नाही, उकळूनही नाही. फिल्टरचंही नको. बाहेरून आणा. आणि पालकांना सांगा, रक्त तपासून घ्या म्हणावं. हो, सगळ्यांचं. …आजचं दूध? …बरं. …बरं. ठेवते.

(बाळ रडून रडून थकून आईच्या खांद्यावर पडलंय.)

धाकटी : काय म्हणाल्या?

ताई : नऊ जणांचं पिऊन झालंय.

धाकटी : आणि?

ताई : आभार मानले माझे. वेळेवर कळवलंत म्हणाल्या.