पारावर न वाचलेली नोटीस

मी एक नोटीस वाचली न्हाय. म्हंजी मनात वाचली, दोनदा वाचली, पण तोंडानं वाचली न्हाय, आणि माझं तर कामच तोंडानं वाचायचं हुतं. तेवढ्यानं एका माणसाची मेंढरं गेली. तुमी लिहून घ्यायला बसलाय तर आदी हे लिहा, मंग बाकीचं. मागनं सांगितलं तर मी गोड करून सांगंन, मला ती सवय हाय.

आमी मूळचं वडगाव निंबाळकरचं, माळी. अंथुर्ण्याच्या अलीकडं ह्या वाडीला पाटाचं पाणी हुतं म्हणून बा हितं आला. वांगी, घेवडा, कांदा, आणि बाजार बारामतीचा. बानं मला सातवीपातुर शिकवलं, काय म्हणून शिकवलं त्यालाच ठावं. दामूचा दामूतात्या मी वयानं न्हाय झालो, पेपरानं झालो. बारामतीला एक साप्ताहिक निघायचं, त्याला मी वाडीची बातमी धाडायचो, त्याबदली एक अंक मला एष्टीनं यायचा. वाडीत चार बुकं शिकलेली पोरं हुती, पर पेपर एकच यायचा आणि तो माझ्याकडं. शुक्रवारी दिवस कलला की मी पारावर बसायचो, चष्म्याची दोरी कानाला गुंडाळायची, आणि पयल्या पानापासनं वाचायचं. समदी वाडी यायची. काय सांगू तुम्हाला, माणसं गप बसून ऐकत्यात ना तुमचं, ती नशा ताडीला बी न्हाय.

त्यात म्हाकूआबा धनगर पुढं बसायचा, हातात लोकर आणि चाती, सूत काढता काढता ऐकायचा. कोरियाची लढाई चालली हुती तवा मला म्हणाला, तात्या, त्या मुलखात मेंढरं हायती का रं? म्हणलं असतील. मंग ती लढाईच्या टायमाला कोण राखतंय, ते छापलंय का बघ. समदी हसली. आबा हसला न्हाय, त्याला खरंच इचारायचं हुतं.

आता मेंबर. नाव घेत न्हाय, समदी त्याला मेंबरच म्हणायची, लोकल बोर्डाचा मेंबर. माणूस निवडून आला तवा पायात फाटकी चप्पल हुती, हे मी ह्या डोळ्यांनी बघितलंय. नंतर त्याच्या मेव्हण्याला रस्त्याचं काम मिळालं. रस्ता पेपरात झाला, खडी सुदा पेपरातच पडली. आमी पावसाळ्यात चिखलातच बैल ओढायचो. पेपरात मातुर दर आठवड्याला मेंबर. मेंबरांचा सत्कार, मेंबरांची भेट, मेंबरांच्या नातवाचं बारसं. हौसामावशी एकदा मला म्हणाली, तात्या, मेंबर शिंकला की छापत्यात, माझा बैल मेला त्याचं कवा यायचं? मी संपादकाला हे हसत हसत सांगितलं, तर तो छापायच्या अक्षरांच्या खिळ्यांच्या पेटीकडं बोट दाखवून म्हणाला, तात्या, बोर्डाच्या जाहिराती बंद झाल्या की ह्याला कुलूप, मंग तुमच्या मावशीचा बैल छापायचा कशानं? मला ते पटलं. त्याच्यापेक्षा वंगाळ म्हंजी, मी त्याच्यासारखंच लिहायला लागलो. मेंबरच्या मोटारीपुढं शाळेची पोरं उन्हात उभी करायची आणि मी लिहायचो, ग्रामस्थांनी उत्स्फूर्तपणे स्वागत केले.

एक दिवस मेंबर माझ्या वाफ्यात आला. वांगी हातात घेऊन म्हणाला, तात्या, तुमचा पोरगा रघू फायनल पास झालाय म्हणं, मास्तर करून टाकू की. आणि मंग जाता जाता म्हणाला, तुमी पारावर वाचता ते ब्येस करता, पर त्यातलं कोर्टकचेरीचं कुणाला कळतंय? चांगलं चांगलं वाचावं. बस, एवढंच. वाचू नका असं तो म्हणालाच न्हाय. त्यो असं कवाच म्हणत न्हाय.

दोन-तीन अंक गेले आणि ती नोटीस आली. शेवटच्या पानावर, बारीक खिळ्यात. वाडीचं गायरान कुठल्याशा फळबाग सोसायटीला द्यायचं योजिलं हाय, कुणाची हरकत असंल तर मुदतीत इंदापूरच्या कचेरीत कळवावी. सोसायटी कसली, मेंबरचा भाऊ, मेव्हणा आणि साडू. चावडीवर कागद लागला हुता म्हणं, दवंडी पिटली असं बी कागदावर हाय, ऐकली कुणी ते इचारू नका. वाडीला कळायची वाट एकच हुती, ती मी. आबा पुढ्यात बसलेला. पावसाळा धरून त्याची मेंढरं त्याच गायरानात असायची, दुसरं रान त्याला न्हवतं. मी नोटिशीवर बोट ठेवलं, मनात वाचलं, परत वाचलं. मंग पान उलटलं आणि मेंबरांच्या सत्काराचं वाचलं. चांगलं लांबवून, हार कुणी घातला त्याच्या नावासकट.

रघूला नेमणूक मिळाली. गायरानाला काटेरी तार पडली.

आबा दारात आला. म्हणाला, तात्या, तारंवाला म्हणतोय पेपरात दिलं हुतं, कुणाची हरकत आली न्हाय. आलं हुतं का रं? घरात रघूची आई पेढं वाटायला काढत हुती. मी म्हणलं, न्हाय आबा, न्हवतं आलं.

गप बसणं एक आणि हे एक. गप बसल्याला माणूस काहीबी नाव देतो, इसरलो म्हणतो, राहून गेलं म्हणतो. ह्याला खोटंच म्हणत्यात. आणि आबानं काय करावं? पारावर जाऊन त्यानं समद्यांना सांगितलं, पेपरात आलं असतं तर आमचा तात्या वाचल्याबिगर ऱ्हायला नसता.

चाऱ्याबिगर मेंढरं किती दिवस ठेवणार? मेंढरं इकली त्यानं. आणि मेंबरच्याच मोसंबीला पाणी धरायला जाऊ लागला, रोजावर, आपल्याच गायरानात.

मोसंबी कमरंएवढी झाली तवा साप्ताहिकात मोठा लेख आला. ओसाड माळावर नंदनवन, आणि मेंबरचा फोटो. पारावर वाचायला घेतला, थांबता येईना. ग्रामस्थांनी एकमुखाने संमती दिली, हितपातुर आलो, तर आबा म्हणाला, एकमुखानं म्हंजी कुणाच्या मुखानं रं? माझं तोंड तर हितंच हाय. कुणी हसलं न्हाय. अंक घडी घालून मी म्हणलं, आबा, ती नोटीस आली हुती, माझ्या नजरेतनं सुटली.

बघा, तितं सुदा अर्धंच. आणि आबा म्हणतो कसा, आसू दे रं, बारीक अक्षर, चष्मा जुना, माणूस हाय.

आठ दिवस गेले. रघूला सांगितलं, तर तो म्हणाला, दादा, आता बोलून गायरान माघारी यायचं हाय का? माझी नोकरी तेवढी जाईल. खरं हुतं त्याचं, दोन्ही खरं. तरी मी आबाकडं गेलो. वाकळ पसरून बसला हुता, लोकर दुसऱ्याची, सूत काढत हुता. समदं सांगितलं, रघूच्या नोकरीसकट. चाती थांबली. म्हणाला, आजून काय काय गाळलंस? मी सांगत गेलो. रस्ता, खडी, उन्हातली पोरं. तो म्हणाला, हे माझ्या कानात कशाला वततोस? मी तुझ्याबद्दल समद्यांपुढं बोललो हुतो. तू बी समद्यांपुढं बोल.

मी बोललो, त्याचं पुढं काय झालं ते आदी सांगतो. मेंबर आजबी मेंबर हाय. साप्ताहिक निघतंय, मला अंक धाडायचं बंद केलंय, मी इकत घेतो. रघूची बदली पार लांब झाली, पत्र टाकत न्हाय. ह्या मेंबर-संपादकांची मला शिसारी येते, पर खरं सांगतो, त्यांचं मीच पारावर वाचलंय, त्यांच्या तोंडात माझाच आवाज हुता, मंग थुंकायचं कुठं?

आबानं बोल म्हणलं, त्याच्या पुढच्याच शुक्रवारी पारावर गेलो. पेपर नेला न्हाय. आबा मागं, पार कडंला बसला हुता. मी उभा ऱ्हायलो आणि म्हणालो, ऐका. गायरानाची नोटीस आली हुती. माझ्या नजरेतनं सुटली न्हवती, मी दोनदा वाचली हुती. पोराच्या नोकरीपायी तुम्हाला वाचून दाखवली न्हाय, आणि आबा दारात आला तवा त्याच्या तोंडावर खोटं बोललो. आबा, तुमची मेंढरं माझ्यामुळं गेली. माफ करा म्हणायला मला तोंड न्हाय, तरी समद्यांच्या देखत म्हणतो, मला माफ करा.