अडकलेल्या दारातला बोका

आणि वर मला विचारतात, पेशंटचं पूर्ण नाव सांगा! आता मांजराला पूर्ण नाव असतं होय हो? मी म्हटलं, भुशी. तर जनावरांच्या दवाखान्यात काचेमागे बसलेली ती मुलगी पेन तसंच हवेत धरून म्हणते, आडनाव? मी म्हटलं, अगं बये, मांजर आहे ती, तिला काय मतदान करायचंय? पण नाही, रकाना रिकामा चालत नाही म्हणे. लावलं शेवटी माझंच. चार पिढ्या ज्या आडनावावर लोकांनी डोळे मिटून पलंग न् कपाटं करून घेतली, ते आडनाव मांजराला! दुसरा कुठला दिवस असता तर तो कागद मी तिथल्या तिथे टराटरा फाडला असता. पण मांडीवर टोपली होती, टोपलीत भुशी होती, आणि भुशी मान उचलत नव्हती. लिहू दिलं.

तुम्हाला सांगतो, मी कुणाच्या दारात जाणारा माणूस नव्हे. लोक माझ्या दारात यायचे, दारं करून घ्यायला. शाळा चौथीत सोडली, पण रंधा पन्नास वर्षं सोडला नाही. डॉक्टरचं म्हणाल तर अंगठ्यात पटाशी घुसली होती तेव्हाही चिंधी गुंडाळून आधी चौकट पुरी केली, मग अंगठ्याकडे पाहिलं. तो मी, टोपली मांडीवर घेऊन, एका बाजूला खाजरं कुत्रं, दुसऱ्या बाजूला पिंजऱ्यातला पोपट, असा नंबर लावून बसलोय!

आता मला मांजरं आवडतात असं समजू नका. ही कारखान्यात भुशाच्या ढिगात सापडली, भुशाच्याच रंगाची, म्हणून भुशी. पुढे कारखाना बंद केला, हत्यारांची पेटी घरी आणली, तर पेटीवर बसून तीही आली. मी आणली नाही. ती आली. त्याला आता नऊ वर्षं झाली, आणि नऊ वर्षांत एक दिवस मला नीट पेपर वाचू दिला नाही तिनं, पेपर पसरला की बरोबर मधल्या बातमीवर बसायचं.

तर त्या आठवड्यात ती भिंत चाटायला लागली. खरंच सांगतो, भिंत! स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातला गिलावा चाटत बसायची. सून म्हणाली, बाबा, हिचं काहीतरी बिनसलंय. मी म्हटलं, काही नाही, माजलीय, खाऊन खाऊन कंटाळली म्हणून भिंत खाते. दोन दिवसांनी खाणं सोडलं. मी म्हटलं, बरंय, पोटाला आराम. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पेपर पसरला... आणि पेपर तसाच राहिला. कुणी येऊन बसलं नाही. तुम्हाला सांगतो, सगळा पेपर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून झाला आणि त्यातलं एक अक्षर मला कळलं नाही. उठलो, टोपली काढली.

डॉक्टर म्हणजे एक पोरगी. माझ्या नातीएवढी. मनात म्हटलं, झालं, ही काय बघणार. तिनं भुशीचा ओठ वर केला आणि मला म्हणाली, बघा. मी बघितलं. हिरड्या पांढऱ्याफटक. चुन्याचा हात मारल्यासारख्या. मग तिनं रक्ताचा एक थेंब काढला, आत जाऊन यंत्राखाली पाहिला, आणि बाहेर येऊन मला समजावायला लागली. पिसवांमधून काहीतरी जंतू आलाय, रक्तातल्या तांबड्या पेशींना चिकटतो, पेशी नासतात, अमुक टक्के, तमुक टक्के... मी म्हटलं, थांब पोरी, सरळ बोल. हिच्या रक्ताला वाळवी लागलीय, असंच ना?

तिनं हातातला कागद बाजूला ठेवला. मग म्हणाली, "हो आजोबा, वाळवीच. औषध आहे आमच्याकडे, चांगलं आहे. पण ते लागू पडायला तीन-चार दिवस जातात, आणि घर तर आज संध्याकाळीच कोसळायला आलंय. तोवर टेकू द्यायला हवा."

"कसला टेकू?"

"रक्ताचा. दुसऱ्या मांजराच्या."

त्या घडीला कळलं मला, पोरगी हुशार आहे. सुताराला टेकू कळतो. छप्पर वाकलं की आधी टेकू, मग वासा बदलायचा, उलटं केलं तर डोक्यावर येतं सगळं. मी म्हटलं, मग लाव टेकू, बघतेस काय? तर म्हणे मांजराचं रक्त बाटलीत भरून ठेवलेलं नसतं. दवाखान्याचं एक मांजर आहे, पण त्यानं पंधरा दिवसांपूर्वीच एकाला दिलंय, त्याचं इतक्यात काढता येत नाही. तुम्ही शोधून आणा. तरणं हवं, निरोगी हवं, पाच किलोच्या वर हवं, आणि आणल्यावर त्याचं रक्त हिच्या रक्ताशी जुळायला हवं. अहो, मुलाचं लग्न जमवताना मी एवढ्या अटी ऐकल्या नव्हत्या!

भुशीला तिथेच ठेवलं आणि मी घरी. सून फोनला बसली. तिच्या मैत्रिणीचं मांजर म्हातारं. मैत्रिणीच्या बहिणीचं गाभण. ऑफिसातल्या कुणाचं होतं, ते तीन किलो, नुसता पापड. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. मग सुनेनं फोन खाली ठेवला आणि माझ्याकडे न बघता, भिंतीकडे बघत म्हणाली, "बाबा, वरच्या बाईंचा बोका आहे."

मी छताकडे बघितलं.

आता ह्या वरच्या बाई म्हणजे कोण, तर आमच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर राहतात. शाळेत बाई होत्या, शाळा सुटली पण बाईपण सुटलं नाही. अकरा वर्षांपूर्वी मी त्यांना कपाट करून दिलं. दोन दारांचं, पाय वळणदार, पॉलिश असं की तोंड बघून केस विंचरावेत. चार महिन्यांत त्यांनी सगळ्या इमारतीला सांगितलं की मिस्त्रींचं दार अडकतं. माझं दार! मी जिन्यात उभा राहून सांगितलं, माझ्या हातचं दार अडकत नाही, तुमची फरशी वाकडी आहे. त्या म्हणाल्या, फरशी तीस वर्षांची आहे, दार चार महिन्यांचं. तेव्हापासून बोलणं बंद. जिन्यात समोर आल्या तर मी कठड्याचं निरीक्षण करायचो, त्या छताचं.

आणि तो बोका! त्याचं नाव भाऊसाहेब. त्या त्याला अहो-जाहो करतात. भाऊसाहेब जेवले, भाऊसाहेब झोपले. हे भाऊसाहेब रोज आमच्या खिडकीतून उतरून भुशीच्या ताटलीतली मासळी हाणून जायचे, आणि मी त्यांना चप्पल हाणायचो. एकदाही लागली नाही. सव्वासहा किलोचा ऐवज, पण उडी मारायला लागला की कापूस.

मी कुणाच्या दारात जाणारा माणूस नव्हे, हे सुनेला ठाऊक होतं. म्हणून ती नुसती पेपर घडी करून बाजूला ठेवायला लागली. तो पेपर... असो. मी उठलो, चपला घातल्या, आणि चढलो जिना. सव्वीस पायऱ्या. प्रत्येक पायरीवर एक वाक्य तयार केलं, आणि बाईंनी दार उघडल्यावर सव्वीसच्या सव्वीस गुल.

"मांजर मरायला लागलंय," एवढंच निघालं तोंडातून. "तुमच्या बोक्याचं रक्त पाहिजे."

आता तुम्हाला वाटेल, बाईंनी आता जुना हिशेब काढला असेल. मलाही वाटलं होतं. पण त्यांनी नुसता चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि विचारलं की किती रक्त काढतात, भाऊसाहेबांना त्रास होईल का. मी सांगितलं, डॉक्टर म्हणते होत नाही. त्या म्हणाल्या, मी सोबत येणार, त्यांना परक्या माणसाच्या हातून सुई टोचून घ्यायची सवय नाही. जणू भुशीला होती! पण मी म्हटलं, चला. बोका कुठाय?

तर कुठे नाही. खाटेखाली नाही, खिडकीत नाही. आणि मग आतल्या खोलीतून आवाज आला. म्यांऽऽव. दबलेला. बाई माझ्याकडे बघायला लागल्या, मी बाईंकडे.

कपाटात होता. माझ्या कपाटात! दार जरा उघडं राहिलं की आत शिरून रजयांवर झोपायचं, ही त्याची रीत. बाईंनी जाता येता ढकलून बंद केलं असणार. मी म्हटलं, मग उघडा की. त्या म्हणाल्या, तुम्हीच उघडा, तुमच्या हातचं आहे.

ओढलं. हलेना. दोन्ही हातांनी ओढलं, हलेना. पाय लावून ओढलं, मूठ हातात आली! आत भाऊसाहेबांनी तोवर सनई धरलेली, बाई मागे उभ्या, घड्याळात बारा वाजून गेलेले, आणि तिकडे भुशी त्या लोखंडी टेबलावर... तुम्हाला सांगतो, आयुष्यात शेकडो दारं लावली, पण एखाद्या दारापुढे घाम फुटलाय असं कधी झालं नव्हतं. खाली ओरडलो, सून पेटी घेऊन वर धावली. आधी बिजागरीचे स्क्रू काढले, पटाशी फटीत घातली, हळूहळू दार उचललं. सुटलं एकदाचं. आणि भाऊसाहेब माझ्या छातीवर पाय देऊन बाहेर! बाईंनी एका शब्दात त्यांना जागच्या जागी बसवलं. "बसा." बसले. मला अजून कळत नाही, तो शब्द मी नऊ वर्षं भुशीला सांगतोय.

पण मी तिथे दाराची कड हातात घेऊन उभाच राहिलो. कारण कडेवर हात फिरवला की सुताराला लाकूड सगळं सांगतं. दार पिळलं होतं. मधोमध, चांगलं दोन बोटं. फरशीनं दार पिळत नाही हो. दार पिळतं ते लाकूड ओलं असलं की. आणि ते ओलं होतं हे मला तेव्हाच माहीत होतं, करतानाच. घाई होती, दुसरं काम खोळंबलं होतं, म्हटलं वाळेल पॉलिशखाली. अकरा वर्षं मी कठड्याकडे बघत चढलो-उतरलो ते काही बाईंच्या रागानं नव्हे.

बाई बोक्याला टोपलीत घालत होत्या. मी म्हटलं, "बाई, लाकूड ओलं होतं. फरशी सरळ आहे. चूक माझी."

त्यांनी टोपलीची कडी लावली आणि वरही न बघता म्हणाल्या, "अकरा वर्षं लागली. माझ्या वर्गात असतात तर अकरा वर्षं त्याच बाकावर बसवलं असतं. चला आता, मांजर थांबणार नाही."

पुढचं काय सांगू? रक्त जुळलं! डॉक्टरनं भाऊसाहेबांच्या मानेवरचे केस भादरले, गुंगीची सुई दिली, बाई त्यांचा पंजा धरून बसल्या, आणि रक्त निघालं, लालभडक, दाट. मी म्हटलं, असणारच, कुणाची मासळी खाऊन झालंय ते? आमच्या ताटलीतलं आमच्याच घरी आलं. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खरोखरच बाकावर जाऊन बसलो.

मग ते भुशीच्या पायात थेंब थेंब जायला लागलं. सावकाश घालावं लागतं म्हणे. मी तिच्या नाकाकडे बघत बसलो. पांढरं नाक, कागदासारखं. एक तास गेला, पांढरंच. मी थेंब मोजायला लागलो, बाई म्हणाल्या मोजू नका, मोजलं की वेळ लांबतो. दीड तास गेला. आणि मग, तुम्हाला सांगतो, त्या नाकाच्या शेंड्यावर, अगदी शेंड्यावर, जरासा रंग आला. मला वाटलं डोळे फसले. चष्मा पुसला. रंग तिथेच! फिकट गुलाबी, मग जरा गडद, मग कानाच्या आत गुलाबी, मग पंजाच्या गादीत. पन्नास वर्षं लाकडावर पॉलिश चढताना पाहिलंय मी, पण असं पॉलिश चढताना कधी पाहिलं नव्हतं. आणि साधारण चारच्या सुमाराला तिनं मान उचलली, मला पाहिलं, आणि नापसंतीनं तोंड फिरवलं. मी डॉक्टरला म्हटलं, पोरी, वाचली ही. ती म्हणाली, आजोबा, आजची रात्र जाऊ द्या. मी म्हटलं, तू रात्रीचं बघ, मी तोंडावरचा तोरा बघितलाय.

आणि वाचली! चौथ्या दिवशी ताटली चाटूनपुसून साफ केली, पाचव्या दिवशी पेपरवर बसली, बरोबर मधल्या बातमीवर, मी हललो नाही, बैस म्हटलं, तशीही बातमी काही धड नव्हती. बाईंच्या कपाटाला नवं दार केलं, सुकलेल्या लाकडाचं, आणि बाईंनी ते उघडून मिटून, उघडून मिटून सतरा वेळा पाहिलं.

आता तुम्ही म्हणाल, गोष्ट संपली. कुठली संपते! वाळवीचं औषध तीन आठवडे चालतं. गोळी, सकाळ-संध्याकाळ, वर पाणी पाजायचं. पहिल्या दिवशी भुशीनं गोळी मेल्यासारखी गिळली. आठव्या दिवशी थुंकली. दहाव्या दिवशी सुनेनं टॉवेलात गुंडाळून धरली तरी निसटली. आता बाई खाली येतात, दोन्ही वेळा, घड्याळ लावून. मी कुणाच्या दारात जाणारा माणूस नव्हे, म्हणून सगळं जग माझ्या दारात यायला लागलंय. बाई हुकूम सोडतात, "तोंड उघडा." बाई आल्या त्या पहिल्या दिवशी मीच उघडलं. बाई म्हणाल्या, तुम्ही नव्हे, मिस्त्री.

काल डॉक्टरकडे दाखवायला नेली. मी बाह्या वर केल्या आणि माझे दोन्ही हात तिच्यापुढे ठेवले, कोपरापर्यंत ओरखडे, अंगठ्याला चावा, मनगटाला पट्टी. ती बघून अशी हसली की काय सांगू. म्हणाली, "आजोबा, पेशंट ठणठणीत आहे."

गोळ्यांचे नऊ दिवस बाकी आहेत. भुशी वाचली, आता माझं काय होतंय ते बघायचं.