सात पुरूस पाणी

तुम्ही काही म्हणा, आमच्या विहिरीचा एवढा अभ्यास आजवर कोणीच केला नव्हता. जुनी मोटर जळाली होती, संत्र्याची बाग तीन दिवसांपासून तहानलेली होती. शहरात धरमपेठेत राहणारा पुतण्या म्हणाला, नवी मोटर मी घेऊन येतो. फोनवर त्यानं विचारलं, "काकाजी, पाणी किती खोल आहे?"

"सात पुरूस."

"पुरूस म्हणजे पुरुष. माणसाची उंची. कुठंकुठं पाच हातही धरतात," त्यानं मलेच समजावलं.

म्हटलं, "आपल्याकडं हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाले एक पुरूस म्हणतात गा. दोर सोडून मोजून घेऊ काय?"

"दोर कशाला? मोबाईलवर सगळं आहे. सहा फूट धरू."

तो बेचाळीस फुटांचा पाइप घेऊन आला. मोटर खाली सोडली, तर ती पाण्याच्या सात फूट वरच लटकून राहिली. पुतण्या मोबाईलकडं पाहत होता, मी पुतण्याकडं.

"आता काय करायचं, काकाजी?"

म्हटलं, "काही नाही, एकच पुरूस कमी पडून राहिला. तू उतर खाली. फक्त हात वर करून उभा राहजो."