सायीचा मान

...साय वाईट असते असं माझं म्हणणंच नाही हो! असेल बुवा चांगली! वाटीत असावी, पावावर असावी, शेजाऱ्याच्या पोटात असावी... पण गरम दूध-कॉफीवर तरंगणारी, ओठाला येऊन चिकटणारी, ओल्या फडक्यासारखी... हे बघा, नुसतं सांगताना काटा आला अंगावर! पण ब्राझीलमधल्या आमच्या मिनास प्रांतातल्या खेड्यात पाहुणा म्हणून बसलात आणि घरच्या बाईनं कॉफी पुढे केली, की नाही म्हणायची सोयच नाही हो!

तुम्हाला सांगतो, मी एदमिल्सन, बेलो होरिझोन्ते शहरात वाढलेला, लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. आमचं दूध खोक्यातलं. कोपरा कापायचा, कॉफीत ओतायचं, उभ्याउभ्या प्यायचं आणि कामाला पळायचं. त्या दुधाला साय धरत नाही, तेवढा त्याच्यात दमच नसतो! आणि मी प्रेमात पडलो कुणाच्या? रोझिलेनीच्या! जिच्या बापाकडे गोठाभर गाई!

लग्नाचं विचारायला निघालो, तर बसमध्ये ही बाई सारखी कानाशी, "एदमिल्सन, आई देईल ते मुकाट्यानं प्यायचं हं. मागे तो औषधाच्या दुकानातला आला होता, तो म्हणाला, मला दूध सोसत नाही. बाबा उठले, त्याची टोपी त्याच्या हातात दिली आणि फाटक उघडून उभे राहिले."

"बोलले काय?"

"काही नाही. टोपी दिली."

आता सांगा, अशा घरात माणूस घाबरेल की नाही? मी तर टोपी बॅगेतच कोंबली!

स्वयंपाकघरात सगळे बसलेले. चुलीवर दूध, फडक्यातून गाळलेली कॉफी, साखर आधीच आत, कुणी विचारत नाही किती. समोर सेउ अनाक्लेतो, म्हणजे तिचे वडील. भुवया अशा, की खाली डोळे आहेत की नाहीत कळेना. शेजारी थोरल्या मुलीचा नवरा वाल्दिवीनो, तो माझ्याकडे टक लावून बघतोय, बघतोय... मी म्हटलं, याचं काय घोडं मारलं मी?

आणि दोना एफिजेनिया, रोझिलेनीची आई, कॉफीत दूध ओतून थांबल्या. चमचा घेतला. पातेल्यावरची सगळी साय, सगळी, सतरंजी गुंडाळावी तशी गोळा केली आणि माझ्या मगात सोडली! "घे बाळा. तुझ्यासाठी राखली."

चमचे थांबले. रोझिलेनीचा माझ्या पायावर पाय. अहो, नाही म्हणायची सोयच नाही हो!

टेबलाखाली कुत्रा होता. सगळ्यांची नजर चुकवून बोटभर साय खाली धरली. त्यानं हुंगली... माझ्याकडे बघितलं... आणि उठून अंगणात गेला! कुत्रा, अहो! गोठ्यातला कुत्रा!

म्हटलं, आता माघार नाही. रोझिलेनीचा चेहरा पांढराफटक. ही मुलगी हातची गेली तर मी काय करू? उरलेलं आयुष्य लिफ्टमध्ये वर-खाली? डोळे मिटले, कॉफीचा मग तोंडाला लावला, घोट घेतला... आणि साय अर्धी घशात, अर्धी ओठाबाहेर! खाली जाईना, वर येईना! मध्येच अडकलेली लिफ्ट!

आणि नेमके त्याच क्षणी सेउ अनाक्लेतो बोलले. सकाळपासून पहिल्यांदा! "काय रे, माझ्या मुलीला नीट सांभाळशील?"

काय उत्तर देणार? श्वास बंद! मान हलवतोय, छातीवर हात मारतोय, डोळ्यांतून घळाघळा पाणी... म्हातारा बघतच राहिला. आणि त्यानंही बाहीनं डोळे पुसले! "एफिजेनिया, बघ गं, रडतोय पोरगा! शब्द फुटत नाहीये त्याला! अशी माया मी नाही पाहिली!" उठला, पाठीत जी थाप घातली, तिच्यासरशी साय गेली एकदाची खाली आणि माझ्या तोंडून निघालं, "हो!"

जमलं लग्न! आणि सासूबाईंनी माझा मग पुन्हा भरला. नाही म्हणायची सोयच नाही हो!

मागच्या अंगणात वाल्दिवीनोनं मला मिठी मारली. हा एवढा आडदांड माणूस, खरंखुरं रडत होता! "साडूराया! आमच्या घरात साय नव्या जावयाची. इतकी वर्षं मी गिळली रे... आजपासून तुझी!"

"आणि सासरेबुवा?"

"त्यांना वासही सहन होत नाही. घरात कुणालाच होत नाही. पण मानाची वस्तू, टाकणार कशी? म्हणून तर मुलींची लग्नं करतात!"

आता दर रविवारी दुपारी सासरी कॉफी आणि साय माझ्या मगात! माझी सगळी भिस्त धाकट्या मेहुणीवर, इव्होनेतेवर. तिचं जमलं की मी सुटलो! जाईन तिथे मुलगा शोधतो. लिफ्टमध्ये कुणी अडकला, तर आधी बाहेरून विचारतो, "लग्न झालंय का?" आणि मगच दार उघडतो! परवा सासूबाईंचा फोन, आनंदानं रडतायत, "बाळा, इव्होनेतेचं ठरलं!" मी खुर्चीवरून उडालोच! "मुलगा कोण? काय करतो? दूध आवडतं का त्याला?"

"मुलगा कसला रे? मठात जातेय. नन होणार माझी लेक, देवालाच वरलं तिनं!"

घ्या! म्हणजे नात्यानं साक्षात देव माझा साडू झाला... पण तो काही रविवारी दुपारी कॉफीला यायचा नाही.