बेल्ह्याच्या बाजारातले चारशे बारा बैल

(जुन्नर, १९५४. हातकागद करणाऱ्या मेहबूबचं घर. सकाळची वेळ; ओले कागद भिंतीवर चिकटवून वाळत घातलेले. पुण्याहून आलेला संशोधक चांगदेव पत्र्याच्या ट्रंकेपुढे बसला आहे.)

चांगदेव : ...कारण शास्त्राचा पाया म्हणजे नोंद, मेहबूबभाई. माणूस मरतो, बैल मरतो, नोंद अमर असते.

मेहबूब : बराबर. म्हणून तर मी तिला जरा कापली.

चांगदेव : काय केली?

मेहबूब : कापली. वरून दोन बोटं. तुमच्या कार्डांच्या गड्ड्या लई येड्यावाकड्या व्हत्या, राव. येक वर, येक खाली. तुमी ट्रंक ठेवून पंधरा दिस पुन्याला गेलात. कागद्याच्या घरात आसला गठ्ठा बघून गिऱ्हाईक काय म्हनंल? अब्बा असते तर मलाच दाराबाहेर काढला असता.

चांगदेव : मेहबूबभाई, वरच्या दोन बोटांत नंबर होते.

मेहबूब : व्हते की. बारीक बारीक, लाल शाईत.

चांगदेव : अहो, मालकाचं नाव, गाव सगळं माझ्या वहीत, नंबरापुढे! कार्डावर नुसता बैल! नंबर गेला तर बैल कुणाचा हे ब्रह्मदेवाला तरी कळेल का? दोन वर्षांची मेहनत! ‘बेल्ह्याच्या बाजारातले चारशे बारा बैल’, हाच माझा प्रबंध! चारच्या एस्टीनं आमचे प्राध्यापक येताहेत. वाटेल ते कार्ड उचलून विचारणार, हा बैल कुणाचा? उत्तर आलं नाही, की पदवी गेली!

मेहबूब : येवढंच ना? पट्ट्या हायेत.

चांगदेव : आहेत? कुठे? आणा!

मेहबूब : त्या काय, भिंतीवर. वाळतायत.

चांगदेव : भिंतीवर कोरे कागद आहेत.

मेहबूब : तेच. कतरन कुनी फेकून देतं का? हौदात भिजवली, कुटली, गाळली. तुमाला पन्नासेक नवी कार्डं फुकट. जरा लालसर आलीत. शाई चांगली व्हती तुमची.

चांगदेव : मी आता इथेच बसतो. मलाही कुटा आणि गाळा.

मेहबूब : थांबा की! ओ हौशीरामभाऊ! आत या. राव, ह्ये बेल्ह्याचे, बैलांचे व्यापारी. नातवाच्या वहीला कागद न्यायला आलेत. ह्यांना बैल सांगा, ह्ये मालक सांगतील.

हौशीराम : राम राम, पावणं. वाचा.

चांगदेव : काका, चारशे बारा आहेत.

हौशीराम : मला कुठं वाचायचेत? मी ऐकनार हाय.

चांगदेव : बरं. तांबडा, सहादाती, डावं शिंग वाकडं.

हौशीराम : राजुरीच्या धर्माजीचा. पुढं.

चांगदेव : पांढरा, कपाळावर काळा ठिपका, मारका.

हौशीराम : आळ्याचा भिमाजी. बैल न्हाई मारका, भिमाजी मारका हाय.

चांगदेव : काळा, शेपटीचा गोंडा तुटका!

हौशीराम : सावळेराम, बोरी. शेपूट दारात चेंगरली व्हती.

चांगदेव : मेहबूबभाई, ऐकताय ना? हे चालतंबोलतं कपाट आहे! मालकागणिक नाव घालून गड्डी लावत चला! काका, तुम्ही विद्यापीठात हवे होतात!

हौशीराम : तिथं बैल मिळत्यात का?

मेहबूब : एक तर हितंच बसलाय. वाचा, राव, वाचा!

चांगदेव : तांबडा, चारदाती, डावं शिंग वाकडं, शिंगांना हिरवा रंग.

हौशीराम : धर्माजी, राजुरी.

चांगदेव : म्हणजे धर्माजीचे बैल दोन.

हौशीराम : येकच.

चांगदेव : तो सहादाती होता.

हौशीराम : सहादाती इकंना, म्हून वय कमी करून चारदाती सांगितला. दात तुमी मोजले का?

चांगदेव : मी... झाडाखाली खुर्ची टाकून बसायचो. मालक सांगतील ते लिहायचो. तांबडा, दोनदाती, डावं शिंग... काका!

हौशीराम : धर्माजी. हौसेनं जरा कमी करत गेला. दीड वर्स झालं, दर बाजाराला आनतोय. परवा मला इचारत व्हता, पुन्याचा पावना दर बारीला इतकी चौकशी करतो, घेनार कवा? बिचारा तुमच्या आशेवर हाय.

मेहबूब : या अल्ला! ही धर्माजीची गड्डी बघा, उशीएवढी होनार आता.

चांगदेव : हसू नका. मलाच हसू येतंय. पुढचं ऐका. तांबडा, अदंत वासरू, डावं शिंग...

हौशीराम : आता मातर धर्माजीनं हद्द केली.

मेहबूब : भाकरी खाऊन घ्या, मग बाकीचे हाकू.

चांगदेव : भाकरी नको. वाचतो. चार वाजायच्या आत संपलं पाहिजे.

मेहबूब : (चारच्या सुमारास) संपलं, राव, एकदाचं! एस्टीचा भोंगा ऐकला का? पन गड्ड्या बघा कशा लागल्यात. कड कशी सरळ! तुमचे मास्तर खुश होतील.

चांगदेव : कुठलंही कार्ड उचलू देत, मालक सांगता येईल. पदवी वाचली! फक्त प्रबंधाचं नाव बदलावं लागेल. काका, नक्की बैल किती?

हौशीराम : सत्तावन्न. दर मालकाचा येक.

चांगदेव : गड्ड्या एकोणसाठ आहेत.

हौशीराम : दोन गाई हायेत.