रिकामा खिळा

चावी करून देतो हो, पण ही दुसरी ठेवणार कोणाकडे — विश्वासाचं कोणी आहे का तुमचं या शहरात? नाही ना. बसा, ते स्टूल ओढा, कानस मारेपर्यंत वेळ आहे. नवीनच आलात, बायको-मुलं परीक्षा झाल्यावर येणार — सगळे असंच सांगतात, आणि काहींची येतातही. घरमालक? त्याच्याकडे तिसरी असतेच, न सांगता. ऑफिसातला सोबती? तो स्वतःच बदलीची वाट बघतोय. अहो, लहान गावात दार उघडलं नाही तर चार जण हाका मारतात, मोठ्या शहरात खाली पहारेकरी तरी असतो. आपलं हे मधलं — इथं हाक नाही, पहारेकरीही नाही. खोल्या मात्र हवेशीर, ते खरं.

ही मागची फळी — हिच्यावर लटकल्यात त्या सगळ्या तुमच्यासारख्यांच्या. विकायच्या नाहीत, सांभाळायला दिलेल्या. फुकट. म्हणजे अगदी फुकट कसलं, ज्याची चावी इथं तो कुलूप दुसरीकडे घेत नाही, मी धंदेवाला माणूस. अट एकच — कामावर जाताना दुकानावरून जायचं आणि हात करायचा. कोणी दिसला नाही, तर दुपारी जेवण झालं की मी चावी घेऊन जाऊन येतो. बहुतेक वेळा गाढ झोपलेले असतात, वर मलाच शिव्या. एकानं चप्पल फेकली, आणि संध्याकाळी येऊन चांगलं जाड कुलूप घेऊन गेला.

तो रिकामा खिळा? तो बसडेपोतल्या कारकुनाचा. हात करायचे तेसुद्धा अर्धाच, जणू कोणी तो परत मागून घेईल. एकदा दिसले नाहीत. गेलो — बाथरूमच्या दारात पडलेले, बादलीत कपडे भिजत घातलेले तसेच. शुद्धीत होते. दवाखान्यात नर्सनं विचारलं, घरचं कोण? छताकडे बघत बराच वेळ माणूस आठवत राहिले हो, आणि मग बोट केलं माझ्याकडे. मी म्हटलं, बाई, मी चावीवाला. तिनं लिहून घेतलं — नातं, चावीवाला. संध्याकाळी गेले. नंतर एक भाऊ उगवला, खोली रिकामी केली, आणि माझ्याकडे आला तो चावी मागायला.

मी? मी इथंच, दुकानाच्या वर. जिना मागून आहे. ही होती तोवर खालूनच हाक मारायचो. मुलगा आहे ना, लांब असतो, फोनवर म्हणतो, अण्णा, तिथं काय ठेवलंय? मी म्हणतो, चाव्या ठेवल्यात. हसतो. परवा जिन्यात अंधारी आली — काही नाही, उन्हाचं — पण बसल्या बसल्या वाटलं, या सगळ्यांच्या दारात मी जाईन, माझ्या दारात कोण? शटर खाली दिसलं तर म्हणतील, गेला असेल मुलाकडे. आणि हात हलवून पुढे.

झाली बघा तुमची. फिरवून बघा, अडली तर परत आणा. आणि ही — नाही, ही तुमची नाही. वरच्या दाराची आहे. ठेवा खिशात. सगळ्यांना देत नाही मी. बाकीचे आले की चाव्या बघतात, तुम्ही खिळा बघितलात.

निघा आता, उशीर होईल. शटर रोज वर जातं की नाही, एवढाच हिशोब ठेवा. पण चोख ठेवा. मुलाकडे गेला असेल म्हणून परस्पर मांडून टाकू नका — मी कुठेही जात नाही.